पुढच्या गाडीचे मागचे दिवे

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि तिच्या हातातली छडी होती तिथेच थांबली. ग, प, र, ट, म. एकेक अक्षर सुटं, मोकळं, तालात. पोर हात मागे बांधून कविता म्हणतं तसं. फक्त ती ओळ भिंतीवर नव्हती. मालकांनी गेल्याच आठवड्यात चष्म्याच्या दुकानातला तक्ता बदलला होता, जुना कोपऱ्यांना पिवळा पडला होता म्हणून. आणि म्हातारा वाचत होता तो जुना. "काय झालं बाई, चुकलं का?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "काका, तक्ता नवा आहे." त्याने डोळ्यांवरची ती जड तपासणीची चौकट काढली, मांडीवर ठेवली आणि कैरी चोरताना सापडल्यासारखा हसला. "मग आधी सांगायचं की! मागच्या खेपेला तुम्ही भिंगं आणायला आत गेलात, तेवढ्यात जवळ जाऊन पाठ केला होता. लायसन्सला लागतो हो तुमचा शेरा." तीही हसली. हसता हसता ती मध्येच अडखळली, अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी तसं. कारण तो ताल तिच्या ओळखीचा होता. याच खुर्चीत बसून, त्याच जुन्या तक्त्यावरून, बाबांनीही असंच वाचलं होतं. न अडखळता, न डोळे बारीक करता, गात गात.

ते गेल्या उन्हाळ्यातलं. बाबा दुकानात तिची वाट बघत बसले होते, मालक शटर अर्धं ओढून निघायच्या घाईत होते, आणि ती म्हणाली होती, "बसा, तुमचेही बघून टाकते." बघून टाकते. इतरांच्या डोळ्यांत ती दिवा धरून आतपर्यंत बघायची, एकेक भिंग बदलून दहादा विचारायची, आता बरं की आधी बरं. बाबांचे डोळे तिने बघून टाकले. ओळ बरोबर आली, मग आत कशाला बघायचं. त्या रात्री दादाला फोनवर म्हणाली, "घारीचे डोळे आहेत त्यांचे. उगाच गाडीची किल्ली काढून घ्यायच्या गोष्टी करू नकोस." दादा वर्षभर मागे लागला होता. बाबांनी फाटकाचा खांब घासला होता, शेजारच्यांची कुंडी फोडली होती. पण डोळ्यांचं माणूस घरातलंच, ते म्हणतंय ठीक आहे, म्हटल्यावर दादा गप्प बसला. "तू म्हणतेस तर असेल बुवा," एवढंच म्हणाला. ते वाक्य आता, म्हातारा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, चालत्या गाडीत, काचेवर बसलेल्या माशीसारखं तिच्या समोर फिरत होतं. हाकललं तरी परत येऊन बसत होतं. तू म्हणतेस तर असेल बुवा.

शहर केव्हाच मागे पडलं होतं. मागच्या सीटवर मुलगा आणि मुलगी, मध्ये उशांची भिंत, भिंतीवरून चाललेली भांडणं. मुलाला घरात सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो आल्या-गेल्याच्या चुका काढायचा. आणि धाकटी मुंगी, कारण गोड कुठेही लपवलं तरी ती तिथे पोचायची. नवरा दवाखान्यात परिचारक, त्याला थंडीत कधी सुट्टी मिळत नसे. थंडीत म्हातारी माणसं जास्त येतात, म्हणायचा. निघताना त्याने काच पुसून दिली होती आणि खिडकीतून डोकं आत घालून विचारलं होतं, "सांगणार आहेस ना त्यांना?" ती म्हणाली, "बघते." आणि त्या शब्दाची तिला स्वतःलाच शिसारी आली. बघते. बघून टाकते. दोन्ही बाजूंना पानं गळालेली झाडं पळत होती, शेतं करडी पडली होती, आणि ऊन असूनही उन्हात काही जीव नव्हता, धुऊन धुऊन विटलेल्या पिवळ्या कापडासारखं ते सगळ्यावर पसरलं होतं.

"आई, पोचलो?" मुंगीने विचारलं.

"पोचलो असतो तर गाडी थांबली असती," मास्तर म्हणाला.

"तुला नाही विचारलं. आई, आजोबा फाट्यावर असतील?"

"असतात दरवर्षी," मास्तरच म्हणाला. "ते नसले तर आईला रस्ता कुठे येतो?"

तिने आरशात त्याच्याकडे बघितलं. तो टिंगल करत नव्हता. जे होतं ते सांगत होता. बाबा निवृत्त झाले आणि आई-बाबा त्या डोंगरातल्या घरात राहायला गेले तेव्हापासून ती दर थंडीत जात होती, आणि दर थंडीत बाबा मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर येऊन थांबायचे. गाडी सुरू, दिवे लावलेले. ती दिसली की उतरायचे नाहीत, हात करायचे नाहीत. दोनदा दिवे मिचकावले की निघाले. पुढे ते, मागे ती, दरीतून, वळणांवरून, दारापर्यंत. भेट दारात. रस्त्यावर भेटायचं नसतं, रस्त्यावर चालायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर बस चालवलेला माणूस. ती लहान असताना त्यांच्या शेजारी इंजिनाच्या गरम झाकणावर बसायची, खाली जाड गोधडी, आणि ते गिअर बदलता बदलता ओळी जुळवायचे. कागदावर कधी लिहिल्या नाहीत. ओठावर आल्या, हवेत गेल्या. फाट्यापासून घरापर्यंतच्या या वाटेवरही त्यांनी मुलांसाठी एक जुळवली होती, आणि मुलं तास दोन तास आधीपासून ती म्हणायला लागायची:

*लाल दिवा पुढं चाले, मागं आमची गाडी,*
*धुक्याच्या गं दुलईला मोजू किती घडी.*

"मोजू किती घडी नाही, पडे किती घडी," मास्तर म्हणाला. "मोजूच," मुंगी म्हणाली, आणि उशांची भिंत कोसळली.

काल संध्याकाळी तिने फोन केला होता. काय बोलायचं ते आधी मनात तीनदा म्हणून बघितलं होतं, आणि बाबांचा 'हां बोल' ऐकल्याबरोबर सगळं सांडलं. "बाबा, उद्या धुकं सांगितलंय. तुम्ही उगाच येऊ नका फाट्यावर." पलीकडून हसणं. "धुकं आहे म्हणून तर येतो. नसतं तर आली असतीस की एकटी." मग ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यांना त्रास नको." ते म्हणाले, "डोळे तूच तपासलेत." त्या बोलण्यात काही होतं का? टोमणा होता, की विनवणी होती, की नुसतं वाक्य होतं? रात्रभर ती त्या शब्दांच्या आत दिवा धरून बघत राहिली. आणि मग एकेक आठवत गेलं. गेली दोन वर्षं बाबा बोलताना तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या कानाकडे, खांद्याकडे, तिच्यामागच्या दाराकडे बघून बोलायचे. तिला वाटायचं, रुसलेत. आपण क्वचित येतो, आल्यावर फोनमध्ये असतो, म्हणून मनातून उतरलो त्यांच्या. आईला एकदा विचारलंही होतं, "बाबा रागावलेत का माझ्यावर?" आई म्हणाली, "त्यांचं काय, ते हल्ली सगळ्यांशीच भिंतीकडे बघून बोलतात."

दुपारी एका पेट्रोल पंपावर थांबून तिने पुन्हा फोन लावला. या वेळी सरळ सांगायचं, घरातून हलू नका म्हणायचं. आईने उचलला. "अगं ते कधीच गेले. म्हणाले, जरा आधी जाऊन थांबतो. फोन इथेच आहे, चार्जिंगला." गेले, म्हणजे एकदा तो रस्ता त्यांनी केलासुद्धा. कदाचित पोचलेही असतील नीट. कदाचित. मुलं पंपाच्या आवारात तोंडाने वाफ सोडून विमानं उडवत होती. तिने दोघांना गाडीत कोंबलं. मुंगी म्हणाली, "आई, तू रागावलीस का?" "नाही गं." "मग पट्टा इतका जोरात का ओढलास?"

फाटा आला तेव्हा उजेड होता, पण तो कुठून येत होता ते कळत नव्हतं. धुकं रस्त्यावर बसलं होतं. आणि त्या पांढऱ्यात, नेहमीच्या जागी, बाबांची जुनी गाडी. मुलांनी एकच कल्ला केला. तिने ठरवलं होतं, शेजारी गाडी थांबवायची, उतरायचं, काचेवर टकटक करायचं. पण तिचे दिवे पडल्याबरोबर त्यांचे दिवे दोनदा मिचकले आणि गाडी हलली. इतक्या वर्षांचा शिरस्ता, त्यात त्यांना थांबायचं काही कारणच नव्हतं. तिने हॉर्न दिला. एक लांबलचक, थांबा म्हणणारा. पुढून हॉर्न आला, छोटा, खुशीतला. तिने पुन्हा दिला. पुन्हा उत्तर आलं, या वेळी ठेक्यात. "आजोबा खेळतायत!" मुंगी टाळ्या वाजवायला लागली. "आई, अजून दे!" तिने दिवे उघडझाप केले, मुलं हसत सुटली, पुढचे लाल दिवे धुक्यात डुलत राहिले, आणि तिला कळेना की आता या माणसाला ओरडून सांगायचं तरी कसं.

आता मागे राहण्यावाचून इलाज नव्हता. ओलांडून पुढे जावं तर रस्ता अरुंद, आणि पुढे जाऊन जायचं कुठे? फोनवरचा नकाशा दरीत उतरलं की दरवर्षी मुका व्हायचा. तिने बाहेर बघून काही ओळखीचं दिसतं का ते शोधलं. एखादं झाड, एखादा दगड, पुलाचा कठडा. काही नाही. या रस्त्यावरून ती इतक्यांदा गेली होती आणि तिला त्यातलं एकही वळण ठाऊक नव्हतं. तिने कधी रस्ता बघितलाच नव्हता. ते दोन दिवे बघितले होते. ते डावीकडे गेले की डावीकडे, विझल्यासारखे झाले की पुढे चढ, भडकले की ब्रेक. आज ते दिवे उशिरा भडकत होते. वळण संपत आल्यावर भडकत होते. समोरून एक मालवाहू ट्रक आला, त्याचे झोत धुक्यात फुटले, आणि बाबांची गाडी हेलकावे घेत कडेच्या मातीत उतरली, परत वर आली. मुलं गात होती. तिच्या मनात आलं, मी माझी दोन पोरं एका न दिसणाऱ्या माणसाच्या मागे बांधून दरीतून चालवते आहे, आणि याला दिसतं असं मीच सांगितलंय. आणि त्याच वेळी, त्या भीतीच्या अगदी पोटात, दुसरं काहीतरी होतं, लहानपणीचं, गरम झाकणावर बसल्याचं. ते म्हणत होतं, बाबा पुढे आहेत ना, मग काय.

चाकांखालचा आवाज बदलला. आधी तिला वाटलं, रस्ता खराब झाला असेल. मग खडी उडून गाडीच्या पोटाला लागायला लागली. तिने काच खाली केली, थंडी आणि ओल्या दगडाचा वास आत आला. पुढचे दिवे एकदम भडकले, खाली झुकले आणि थांबले.

"आजोबांचं घर इथे नाही," मास्तर म्हणाला.

"गाडीतून उतरायचं नाही कोणी," ती म्हणाली. "मास्तर, तिचा हात धर."

बाबांच्या गाडीची पुढची चाकं खडीच्या ढिगावर चढली होती. दगड फोडायची खाण. यंत्रं ताडपत्रीखाली निजलेली. ढिगाच्या पलीकडे ती दोन पावलं गेली आणि थांबली. तिथे फक्त धुकं होतं, आणि त्याला तळ नव्हता. ती तशीच मागे वळली आणि बाबांचं दार उघडलं. ते दोन्ही हात चाकावर ठेवून बसले होते. लोकरीची टोपी कपाळावर सरकलेली.

"लागलं का कुठे?"

"मला काय धाड भरलीय." मग थोड्या वेळाने, "रस्ता बदलला वाटतं यांनी. पाटी तरी लावायची."

त्यांनी टोपी नीट केली, उगाच आरसा नीट केला. इंजिन चालूच होतं. तिने हात घालून किल्ली फिरवली, तेव्हा सगळीकडे इतकं शांत झालं की खडीतला एक दगड घसरत खाली गेलेला ऐकू आला. जात राहिला, जात राहिला. बाबांनीही ऐकला.

"बाबा, तुम्ही तक्ता पाठ केला होतात."

त्यांनी नकार दिला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते तिच्या कानाकडे बघत म्हणाले, "तू हात धुवायला गेली होतीस, तेव्हा. नाक टेकवून वाचला."

"पण का?"

"तुझे मालक उभे होते ना तिथे." त्यांनी बोटाने चाकाची कड पुसली. "म्हटलं, पोरगी सगळ्या गावाचे डोळे बघते, आणि बापाला पहिली ओळ येत नाही. बरं दिसलं असतं का ते?"

ती वाकून त्यांच्या समोर आली. त्यांची नजर तिच्या तोंडावरून बाजूला घसरली, कानापाशी जाऊन थांबली. आणि तिला, जिचं कामच ते होतं तिला, आत्ता दिसलं. मधलं जातं, कडेचं राहतं. समोर बघावं तिथे धुरकट डाग, आणि त्याच्या कडेला सगळं जग जसंच्या तसं. ते तिच्याकडे बघत नव्हते असं नाही. बघण्यासाठीच ते बाजूला बघत होते. तिच्या कानाकडे नजर लावली की तिचा चेहरा त्यांना सापडत होता. दोन वर्षं ते असं तिला शोधून शोधून बघत होते, आणि ती मनात म्हणत होती, रुसलेत.

"किती दिवसांपासून?"

"दिवस कोण मोजतो. आधी पाट्यांची अक्षरं गेली. मग समोरच्या गाडीतली माणसं." ते हसले. "ओळखीचं असलं की दिसतं गं. हा रस्ता ओळखीचा म्हणून दिसत होता. आज धुक्याने तोही पुसला."

तिला रडायला यावं असं वाटत होतं, पण आला तो राग. "मुलं होती मागे. माझी दोन्ही मुलं होती तुमच्या मागे." ती ओरडली नाही, तरी त्यांनी मार चुकवावा तसा खांदा वर घेतला. मग गाडीतून उतरले; उतरताना हात दाराच्या वरच्या कडेवरून चाचपत गेला, आणि हे असं चाचपणंही तिने याआधी कितीदा बघितलं होतं, म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. "गाडी?" त्यांनी विचारलं. "राहू दे इथेच," ती म्हणाली. "उद्या दादाला आणायला सांगते." उद्या. दादाला. त्यात काय काय आलं ते दोघांनाही कळलं. ते गाडीच्या टपावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि मग तिच्या मागोमाग खडीतून चालत आले.

तिने पुढच्या सीटवरची पिशवी मागे टाकली. "आजोबा, तुम्ही आमच्या गाडीत!" मुंगीला हा दिवसातला सगळ्यात मोठा नफा वाटला. गाडी वळवून आई खाणीतून परत डांबरावर आली, आणि थांबली. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं.

"बाबा, मला रस्ता येत नाही."

"म्हणजे? इतकी वर्षं येतेस!"

"तुमच्या दिव्यांकडे बघत येते."

त्यांनी मान बाहेरच्या पांढऱ्याकडे वळवली. मग म्हणाले, "उजवीकडे घे. हळू." ती निघाली. ते आणखी काही सांगतील म्हणून वाट बघत होती, पण त्यांना सांगता येत नव्हतं; वळणांना त्यांनी कधी शब्द दिले नव्हते. मग तिचं लक्ष खाली गेलं. वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या फिकट उजेडात बाबांचा उजवा पाय, जाड मोज्यातला, जुन्या बुटातला, पायाखालच्या रबरी चटईवर दाबला जात होता. तिने ब्रेकवर पाय ठेवला, आणि धुक्यातून वळण निघालं. पाय सुटला, तिने गाडी सोडली. पुन्हा दाबला गेला, हळूच, मग जास्त; पूल होता. त्यांना माहीतही नव्हतं की ते काही करतायत. ते सरळ बसले होते, हनुवटी वर, हात मांडीवर, आणि त्यांच्या पायात तो सगळा रस्ता होता, प्रत्येक चढ, प्रत्येक उतार. ती एक डोळा काचेवर आणि एक त्या बुटावर ठेवून चालवत राहिली. दाबला, सोडला. दाबला, सोडला. तिचा श्वासही त्याच्या लयीत चालायला लागला. तिला वाटलं, हे असंच चाललं तर बरं. घर येऊच नये, काही सांगायला, काही काढून घ्यायला लागूच नये.

"आजोबा," मास्तर दोन सीटच्या मधून डोकं काढून म्हणाला, "तुमच्याकडे ब्रेक नाहीये. तुम्ही पाय का दाबताय?"

बाबांनी मान खाली घालून बघितलं, जरा बाजूला नजर लावून, आपल्याच पायाला शोधत. "अरे हो की," ते म्हणाले. "नाहीये." आणि त्यांनी तो पाय उचलला, मागे घेतला, सीटखाली दुसऱ्या पायाच्या मागे अडकवून ठेवला.

पुढे काय होतं ते तिला माहीत नव्हतं. तिने वेग कमी केला, पुढे वाकली, नाक जवळजवळ काचेला. पांढऱ्यात काळसर काहीतरी जमून आलं, कठडा, कठड्यावरची खूण, आणि रस्ता डावीकडे गेला, तीही गेली. मागचं चाक जरा घसरलं, सावरलं. तिला वाटलं, ते शिव्या घालतील, निदान हं म्हणतील. तिने बघितलं नाही, पण कापडाचा आवाज आला, ते सीटवर तिरके होऊन बसले होते, बाजूच्या काचेकडे तोंड करून. त्यांनी बाहीने काचेवरची वाफ पुसली. त्या बाजूला धुकं जरा विरळ झालं होतं.

"इथे घर आहे?" ते म्हणाले.

"कुठे?" मुंगी त्यांच्या बाजूच्या खिडकीला चिकटली.

"ते काय. वर. दिवा आहे. बाई आहे खिडकीत, काहीतरी निवडतेय." त्यांचा आवाज अगदी हलका झाला होता. "कधी बांधलं हे?"

"जुनं दिसतंय, आजोबा," मास्तर म्हणाला. "कौलांवर शेवाळ आहे."

"असं?" बाबा म्हणाले. "मला माहीतच नाही."

तिलाही बघावंसं वाटलं. पण पुढे आणखी एक वळण येत होतं, आणि तिला रस्त्यावरून नजर काढता येईना.